छोट्या मेकरचं लिमिटेड ब्राँझ डायव्हर घड्याळ घ्यावं, त्याचंच स्टील घ्यावं, की थांबून ऑरिस-ट्यूडरकडे जावं

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. प्रश्न साधारण असा असतो की अमुक एका छोट्या मेकरचं ब्राँझचं डायव्हर, म्हणजे बुडी मारताना घालायचं घड्याळ, येतंय, ३०० च पीस आहेत, प्री-ऑर्डर रविवारपर्यंतच आहे, घेऊ का? माझ्याकडे असंच एक ३०० पीसवालं ब्राँझ आहे, मुंबईत चार पावसाळे वापरून झालेत, आणि माझ्या धाकट्या भावाकडे त्याच मेकरचं, त्याच साईझचं, आतलं मशीनही तेच असलेलं स्टील आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळालीत. मोठ्या स्विस कंपन्यांपैकी ऑफिसातल्या मित्राचं ऑरिस पंधरा दिवस मनगटावर घालून फिरलोय. ट्यूडर फक्त शोरूममध्ये घालून बघितलंय, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी धातू, कारण या घड्याळाचं जे काही वेगळेपण आहे ते तिथेच आहे. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, म्हणजे आपल्या घरातल्या काशाच्या वाटीचंच भावंड, फक्त काशात कथील बरंच जास्त असतं, साधारण २२ टक्के, आणि छोटे मेकर बहुतेक वेळा जे ब्राँझ वापरतात त्याला सीयूएसएन-८ म्हणतात, त्यात ८ टक्के कथील आणि बाकी जवळजवळ सगळं तांबं. तांबं इतकं असल्यामुळे ते पटकन काळवंडतं आणि चॉकलेटी होतं. ट्यूडर वापरतं ते अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ, ते सावकाश बदलतं, फिकट सोनेरीवरून हळूहळू मळकट पिवळ्याकडे जातं. वजनातही फरक आहे, कथलाचं ब्राँझ स्टीलपेक्षा दहाएक टक्के जड आणि अ‍ॅल्युमिनियमचं उलट स्टीलपेक्षा किंचित हलकं. म्हणजे दोन्हीला ब्राँझच म्हणतात पण हातावर चार वर्षांनी दिसणारी वस्तू वेगळी असते, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं 'ब्राँझ' लिहिलं असेल तर मेकरला नेमका मिश्रधातू विचारा. आणि पितळ नाही ना हेही विचारा, पितळेत जस्त असतं आणि खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं, धातू आतून पोकळ आणि ठिसूळ होत जातो. जहाजांचे पंखे ब्राँझचे करतात त्यामागे समुद्राच्या पाण्यात टिकणं हेच मोठं कारण आहे.

आता रोजचं सांगतो. डबा उघडला तेव्हा माझं घड्याळ नव्या पैशासारखं गुलाबी-सोनेरी चमकत होतं, आठवड्यात चमक गेली, तिसऱ्या आठवड्यात बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या, खाचांत तपकिरी रेषा आल्या, आणि जूनच्या अखेरीस, लोकलमधून रोज घामाघूम होऊन उतरत होतो तेव्हा, पट्टा काढून बघितलं तर लगच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या, आतल्या बाजूला मोरचुदासारखी निळसर-हिरवी पूड धरलेली. चावीच्या बाजूला मात्र अजूनही पिवळं दिसतं कारण तिथे रोज बोट लागतं. डाव्या बाजूला, शर्टाची बाही घासते तिथे, एक तिरका उजळ पट्टा पडलाय आणि तो फक्त माझ्याच घड्याळावर आहे, मला ही गोष्ट मनापासून आवडते.

एकदा रविवारी मी चिंचेचा कोळ आणि मऊ टूथब्रश घेऊन ते सगळं साफ केलं. पट्टा काढला, चावी घट्ट असल्याची खात्री केली आणि कोळ लावून दोन मिनिटं ठेवला, तर तपकिरी थर अक्षरशः उतरत जाताना दिसतो आणि खालून गुलाबी धातू येतो. नळाखाली धुतलं, पुसलं, सुंदर दिसलं, आणि संध्याकाळी मला चुटपुट लागली की दीड वर्षाचा रंग दहा मिनिटांत घालवला. तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही आला. तर तुम्ही साफ करणार असाल तर चिंच किंवा लिंबू चालेल पण भांडी घासायची पावडर अजिबात नको, केसवरच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोळीवरच्या, ब्रश केलेल्या रेषा जातात आणि पावडर बेझलखाली जाऊन बसते. अंड्याच्या बलकाच्या वाफेवर मुद्दाम काळं करायचा प्रकारही लोक करतात, गंधकामुळे होतं ते, मला विचाराल तर नका करू, सगळ्यांचं सारखंच दिसतं मग.

हिरवा डाग हाताला पडतो का, हे सगळे विचारतात. पडतो, लगच्या टोकांपाशी, साबणाने जातो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसाच हा प्रकार, तांबं आणि घामातलं मीठ-आम्ल यांचं जमतं आणि हिरवं होतं. म्हणून केसचा मागचा तळ स्टील किंवा टायटेनियमचा असतो, कल्हईचं जे काम तेच त्या तळाचं. तळही ब्राँझचा असेल तर आपल्या दमट हवेत मी ते घड्याळ घेणार नाही, इतकं सरळ. एक गोष्ट मात्र खरी काळजीची आहे, फिकट हिरवे, भुसभुशीत ठिपके जे पुसले तरी चार दिवसांत त्याच जागी परत येतात. ते क्लोराईडमुळे होतं, नुसता रंग नसतो, धातू खात असतं. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि ठिपके दिसलेच तर पट्टा काढून खायच्या सोड्याच्या पाण्यानं मऊ ब्रशने साफ करायचं.

भावाच्या स्टीलकडे बघितलं तर चार वर्षांत दोन ओरखडे, बाकी जसंच्या तसं. तो पोहायला जातो, क्रिकेट खेळतो, बादलीत हात घालतो, त्याला काही विचार करावा लागत नाही. ब्राँझ स्टीलपेक्षा मऊ आहे, माझ्या खालच्या डाव्या लगला दाराच्या कडीचा ठोका लागून दबलंय ते दबलंय. म्हणजे एकच घड्याळ असणार असेल आणि ते सगळीकडे घालायचं असेल तर स्टील घ्या, यात मला जराही शंका नाही. लग्नकार्यात पांढऱ्या कफखाली माझं घड्याळ घालताना मी दोनदा विचार करतो.

पाण्याचं बोलू. डायलवर २०० किंवा ३०० मीटर लिहिलेलं असतं त्यावर फार जाऊ नका, हौशी स्कूबाची मर्यादाच ४० मीटर आहे आणि तारकर्ली-मालवणला पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याला तर त्याच्या जवळपासही नेत नाहीत. विचारायचं ते हे की प्रत्येक पीस पाण्यात टेस्ट होतो का. आयएसओ ६४२५ हे डायव्हिंगच्या घड्याळांचं स्टँडर्ड आहे, त्यात लिहिलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबाला घड्याळ तपासावं लागतं, शिवाय अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता आलं पाहिजे, बेझल चुकून फिरता कामा नये वगैरे. बरेच छोटे मेकर हे सर्टिफिकेट घेत नाहीत कारण खर्च होतो, ते मला चालतं, पण "आम्ही प्रत्येक पीस दाबाखाली तपासतो" हे तरी त्यांनी लेखी सांगावं.

मशीन. छोट्या मेकरांकडे बहुतेक तीनच सापडतात, सेको एनएच३५, मियोटा ९०००वाली मालिका आणि सेलिटा एसडब्ल्यू२००. एनएच३५ तासाला २१,६०० ठोके, ४१ तासांचं रिझर्व्ह (काढून ठेवलं तरी तेवढा वेळ चालतं), कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा ठेवते, पण दणकट आहे आणि बिघडलंच तर अख्खं मशीन बदलणं सर्व्हिसपेक्षा स्वस्त पडतं. मियोटा ९०१५ पातळ, २८,८०० ठोके, काटा जास्त सुळसुळीत फिरतो, रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणारं वजन, एका दिशेला मोकळा गरगरतो त्याचा आवाज येतो, शांत खोलीत ऐकू येतो. सेलिटा या तिघांत महाग. माझ्यात मियोटा आहे, दिवसाला सात-आठ सेकंद पुढे जातं, मला पुरेसं आहे. तारीख नसलेल्या डायलमागे तारखेचं मशीन घातलेलं असेल तर चावी ओढताना मधली एक रिकामी पायरी लागते, ते मला खटकतं, ९०३९ किंवा एनएच३८ असेल तर तो प्रश्न येत नाही. तिन्ही मशीनं आपल्याकडचा कुठलाही बरा घड्याळवाला उघडू शकतो, आणि छोट्या मेकरचं घड्याळ घेण्यातला हा सगळ्यात मोठा दिलासा आहे.

अडचण मशीनच्या बाहेर आहे, आणि लिमिटेड या शब्दाचा खरा अर्थ मला तिथे कळला. दुसऱ्या वर्षी गणपतीत गावी गेलो होतो, विहिरीवर बादली ओढताना बेझल काठाला आपटलं आणि १२ वरचा चमकणारा मोती निघून पडला, मुलं-बाळं सगळी शोधत होती, नाही सापडला. मेकरला मेल केला. उत्तर नम्र होतं, की ती बॅच संपली, त्या रंगाचे इन्सर्ट (बेझलवर बसवलेली आकड्यांची चकती) शिल्लक नाहीत, पुढच्या मॉडेलवर सवलत देतो. मी पुढचं मॉडेल मागितलंच नव्हतं. शेवटी दादरला एका घड्याळवाल्या काकांनी त्या खड्ड्यात ल्यूमची, म्हणजे अंधारात चमकणारी, पेस्ट भरून दिली, दिवसा जरा फिकट दिसते, रात्री छान उजळते. त्यांनीच मला एक एक भाग दाखवत सांगितलं की मशीन मिळेल, रबरी गॅस्केट मिळेल, सपाट काच असेल तर मापात मिळेल, दोन्हीकडून फुगीर काच शोधावी लागेल, आणि बेझलचं इन्सर्ट, काटे, चावी आणि चावीची नळी ही तुमची तुम्ही जपा. ब्राँझमध्ये चावीचे आटे रोज फिरवून झिजतात म्हणून आतली नळी स्टीलची आहे का हे आधीच विचारायला हवं होतं, असंही म्हणाले. तळावर कोरलेला १२७/३०० हा नंबर मला तेव्हा पहिल्यांदा जड वाटला, कारण ३०० घड्याळांसाठी सुटे भाग कोण करून ठेवणार.

म्हणून ऑरिस आणि ट्यूडरची गोष्ट येते. ऑरिस स्वित्झर्लंडमधल्या हॉल्श्टाइनचं, १९०४ सालापासूनचं, अजूनही स्वतंत्र. त्यांचं कार्ल ब्रॅशियर एडिशन २०१६ मध्ये २००० पीसचं आलं, ४२ मिलिमीटर, १०० मीटर. ब्रॅशियर अमेरिकन नौदलातला पाणबुड्या, १९६६ मध्ये एका मोहिमेत जखमी होऊन पाय गमावला, तरी परत पाण्यात उतरला आणि १९७० मध्ये मास्टर डायव्हर झाला, तिथपर्यंत पोचलेला पहिला आफ्रिकन अमेरिकन. तळावर जुन्या डायव्हिंग हेल्मेटचं चित्र आहे, ते बघून माझ्यासारख्याला भरून येतं. आत सेलिटावर बेतलेलंच मशीन, म्हणजे तिथे छोट्या मेकरपेक्षा फार वेगळं काही मिळत नाही, मिळतं ते फिनिशिंग आणि मागे उभी असलेली कंपनी. ट्यूडर ब्लॅक बे ब्राँझ पण २०१६ चंच, ४३ मिलिमीटर, २०० मीटर, स्वतःचं मशीन, ७० तास रिझर्व्ह, क्रोनोमीटर सर्टिफाईड, म्हणजे अचूकतेची तपासणी पास झालेलं. शुक्रवारी काढून ठेवा, सोमवारी चालू असतं. ४३ माझ्या हातावर थाळीसारखं दिसलं. २०२१ चं ५८ ब्राँझ ३९ मिलिमीटरचं आहे आणि ब्रेसलेटही ब्राँझचं, मला विचाराल तर ब्राँझमधलं सगळ्यात नेटकं घड्याळ ते, पण ते फक्त त्यांच्या बुटीकमध्येच ठेवलं होतं. किमती म्हणाल तर २०१६ मध्ये ऑरिस २,८०० डॉलर आणि ट्यूडर चार हजारच्या आसपास होतं, आणि छोट्या मेकरचं ब्राँझ साधारण ३०० ते ७०० डॉलरमध्ये येतं. हा फरक इतका मोठा आहे की एका ट्यूडरच्या पैशात छोट्या मेकरचं घ्याल आणि वर एकदा अंदमानला डायव्हिंग करून याल.

पुढे भाव वाढेल म्हणून लिमिटेड घेत असाल तर नका घेऊ. पानेराईचं २०११ चं १००० पीसचं ब्रोंझो नंतर मूळ किमतीच्या वर विकलं गेलं, ते उदाहरण सगळे देतात, पण ते पानेराई आहे, मोठं नाव आहे. छोट्या मेकरचं वापरलेलं ब्राँझ विकायला काढलं की समोरचा आधी पॅटिना, म्हणजे धातूवर चढलेला रंग, बघतो, आणि तुमचा पॅटिना त्याला तुमचा घामच वाटतो.

पैशाचा हिशोब करताना वेबसाईटवरचा आकडा धरू नका. कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी, कुरियरवाल्यांचा खर्च, मला सगळं मिळून मूळ किमतीच्या वर जवळजवळ निम्मे पैसे लागले होते. आणि प्री-ऑर्डरला तारीख दिलेली असते तिच्यात तीन-चार महिने मनातल्या मनात घालून ठेवा, माझं दिवाळीला येणार होतं ते होळीला आलं.

तर मी कुणाला काय सांगतो ते सांगतो. पहिलंच ऑटोमॅटिक असेल तर स्टील. खरोखर डायव्हिंग करत असाल तरीही स्टील. आधीची एक-दोन घड्याळं आहेत, रंग बदलणारा धातू बघायला आवडतो, आणि उद्या बेझल तुटलं तरी पेस्ट भरून घालायची तयारी आहे, तर छोट्या मेकरचं ब्राँझ घ्या, चार वर्षांनंतरही सकाळी माझा हात त्याच्याकडेच आधी जातो. आणि सुट्या भागांच्या विचारानं झोप उडणार असेल तर वर्ष-दोन वर्षं साठवा आणि वापरलेलं ऑरिस शोधा.

रविवारच्या आधी मेकरला एक मेल टाका, पाचच प्रश्न: मिश्रधातू कुठला, तळ आणि चावीची नळी कशाची, प्रत्येक पीस दाबाखाली तपासता का, इन्सर्ट आणि चावीचे जादा नग किती बनवून ठेवताय, आणि एक इन्सर्ट मला आत्ताच घड्याळाबरोबर विकत द्याल का. शेवटच्या प्रश्नाला हो आलं तर त्याच मेलला उत्तर म्हणून ऑर्डर द्या, आणि तो इन्सर्ट डब्यातून काढू नका.