‘आय-७’ खराच होता, पण २०११ सालचा

“कोर आय-७, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट पॉवर सप्लाय.” घरासाठी स्वस्तात कॉम्प्युटर जुळवून घेणारा माणूस या एका ओळीला भुलतो. कॅबिनेट नवंकोरं, पंख्यांना रंगीत दिवे. बाजूचा पत्रा काढला की आत काय निघतं, ते सांगतो.

प्रोसेसर आय-७-२६००. आय-७ आहेच, खोटं काही नाही. फक्त तो दुसऱ्या पिढीचा, जानेवारी २०११ मध्ये आलेला. त्याला ४ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा). बाराव्या पिढीच्या साध्या आय-३-१२१०० लाही तेवढेच, पण त्याचा प्रत्येक कोर कितीतरी चपळ आणि वीजही कमी खाणारा. इंटेलच्या या क्रमांकांत शेवटचे तीन आकडे सोडले की उरते ती पिढी : २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. कोटेशनवर नुसतं ‘आय-७’ लिहिलंय आणि पुढचा आकडा गायब आहे, तर तो विसरलेला नसतो. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. म्हणून अशा मशीनवर विंडोज ११ तपासणी चुकवून बसवलेलं असतं. पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) एच-६१ चिपसेटचा, बिननावाचा, पण नव्या खोक्यात. या चिपसेटचं साटा (डिस्क जोडायची वाट) सेकंदाला ३ गिगाबिटचं, त्यामुळे सेकंदाला ५५० एमबी देणारी एसएसडी तिथं निम्म्यावर येते. रॅम जुन्या डीडीआर-३ प्रकारची; उद्या नवा बोर्ड घेतला तर ती त्यात बसणारही नाही.

इथवर लपवाछपवी होती. ग्राफिक्स कार्डापासून सरळ खोटेपणा सुरू होतो. विंडोज दाखवतं ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’. प्रत्यक्षात चिप २०१० च्या जीटीएस ४५० ची, बायॉस (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावानं फ्लॅश केलेली, म्हणजे पुन्हा लिहिलेली. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात, हिच्यात १९२. मेमरी १ जीबीच, बाकीची नुसती दाखवायला. डेस्कटॉप आणि व्हिडिओ ठीक चालतात, म्हणून पहिले काही दिवस शंका येत नाही. एनव्हिडियाचा ताजा ड्रायव्हर टाकला किंवा गेमने खरी मेमरी ओलांडली, की स्क्रीन काळी. “ड्रायव्हर अपडेट करू नका” असं विकणाऱ्यानं आपणहून बजावलं, तर तिथंच समजून जा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ लिहून दाखवतं. दुसरी खूण मागच्या बाजूला : निळं व्हीजीए सॉकेट. १०५० टीआय ज्या जीटीएक्स १० मालिकेतलं, तिच्या चिपमध्ये व्हीजीए आउटपुटच नाही.

पॉवर सप्लायचं लेबल नीट वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा आणि १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. १४ अँपिअर असतील तर १२ × १४ = १६८ वॉट, एवढाच त्याचा जीव. प्रोसेसर आणि कार्ड याच लाइनवर जगतात. खऱ्या ४५० वॉटच्या सप्लायवर इथं साधारण ३४ अँपिअर दिसतात. लोड आला की मशीन अचानक रीस्टार्ट होतं, आणि दोष रॅमवर ढकलून बिचारी तीच बदलली जाते.

एसएसडीचं दुखणं सगळ्यात उशिरा कळतं. ६४ जीबीच्या चिपला कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप) १ टीबी म्हणवतो. फोटो कॉपी होतात, नावं दिसतात, पण उघडत नाहीत. एच-२-टेस्ट-डब्ल्यू हे सॉफ्टवेअर सगळी रिकामी जागा भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण घरचे फोटो टाकण्याआधी एकदा चालवाच.

प्रोसेसर तपासताना विंडोजच्या प्रॉपर्टीजवर विसंबू नका, ते नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) बदलता येतं. सीपीयू-झेड थेट चिपलाच विचारतं.

अभ्यास, बिलं भरणं, व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी वेगळं कार्ड लागतच नाही. आय-३-१२१०० (शेवटी एफ नसलेला, एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद), एच-६१० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी), नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉट ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) सप्लाय. कोटेशनवर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि बिलावर सीरियल नंबर मागा. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख तिथंच बघा.

आधीच फसला असाल, तर जीपीयू-झेड, सीपीयू-झेड आणि पॉवर सप्लायच्या लेबलचे फोटो काढून ठेवा. कार्डाचं मूळ बायॉस स्वतः फ्लॅश करायच्या फंदात पडू नका. ते खोटं नाव पुसलं गेलं, तर तक्रारीला पुरावाच उरत नाही.