इसबगोलाचे सहा महिने: आकडा हलला, पण लसणाने नाही

सहा महिन्यांपूर्वी रिपोर्टमध्ये माझं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६२ आलं, एकूण कोलेस्टेरॉल २३८. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, घरात कुणाला हृदयविकार होता का, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, गोळी लगेच नको, आधी तीन महिने खाण्याकडे बघा. ते कळल्यावर जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी दालचिनी सांगितली, कुणी मेथी, कुणी उपाशीपोटी लसूण. सगळं एकदम सुरू केलं असतं तर गुण कशाचा आला हे कळलंच नसतं, म्हणून एकेक घ्यायचं ठरवलं. पहिला नंबर इसबगोलाचा.

उत्साहात पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलं आणि पुढचे तीन दिवस पोट फुगून ढोल. मग ३ ग्रॅमवर आलो आणि दर आठवड्याला थोडं वाढवत महिन्याभराने १० ग्रॅमवर पोचलो. १० च का? तेवढ्या सालीत साधारण ७ ग्रॅम विरघळणारा तंतू असतो. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं, इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी करण्याबद्दल लिहू देतं, तेही दिवसाला किमान ७ ग्रॅम तंतू धरूनच. चमच्याच्या भरवशावर राहू नका, साल फार हलकी असते. मी वजनकाट्यावर मोजतो.

चव जवळजवळ नाहीच. भानगड वेळेची आहे. मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच संपवलं तर ठीक, मध्येच फोन आला की ग्लासात बुळबुळीत गोळा तयार. पाण्यात मात्र कंजुषी नको, कमी पाण्यात ते घशात अडकू शकतं. गिळायला त्रास असेल तर या वाटेला जाऊच नये.

आता माझा खरा घोटाळा. थायरॉइडची गोळी मी सकाळी घेतो आणि इसबगोलही सकाळीच घ्यायचो, पाठोपाठ. तिसऱ्या महिन्यात टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरेशी लागू पडत नव्हती. डॉक्टरांनी दोन्हीच्या वेळा विचारल्या आणि कपाळाला हात लावला. ही साल औषध आतड्यात शोषू देत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मीही कुठे विचारलं होतं? आता गोळी सकाळी, इसबगोल रात्रीच्या जेवणाआधी. टीएसएच जागेवर आलं. रोजची कुठलीही गोळी चालू असेल तर किती अंतर ठेवायचं ते आधी विचारा.

तिसऱ्या महिन्याच्या त्याच रिपोर्टमध्ये एलडीएल १४७ होतं. बाकी खाणं आणि चालणं मुद्दाम आधीसारखंच ठेवलं होतं, त्यामुळे श्रेय बहुतेक सालीचंच. आतड्यात तिची जेली होते, ती पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत बनवतं ती) धरून बाहेर नेते, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. रक्तवाहिन्या 'धुऊन निघणं' वगैरे काही नसतं. शिवाय पोट वेळेवर साफ व्हायला लागलं. खरं सांगायचं तर रोजच्या जगण्यात मला त्याचाच आनंद जास्त आहे.

मग आठ दिवस भिजवलेली मेथी. तिच्यातही विरघळणारा तंतू असतोच, पण घामाला पाकासारखा गोडसर वास यायला लागला आणि घरच्यांनी नोटीस दिली. बंद.

पुढचे तीन महिने इसबगोलाच्या जोडीला रोज एक कच्ची पाकळी लसूण, ठेचून दहा मिनिटं ठेवून, कारण ठेचल्यावरच त्यात अ‍ॅलिसिन हा उग्र वासाचा घटक तयार होतो. सहाव्या महिन्यात एलडीएल १४५. दोनचा फरक म्हणजे काहीच नाही, एवढं तर एकाच माणसाचं आठवड्याभरातही इकडचं तिकडे होतं. नंतर वाचलं की २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांवर सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या गोळ्या तपासल्या होत्या आणि एलडीएल हललं नव्हतं. आधी वाचलं असतं तर तीन महिने लोक माझ्यापासून हातभर लांब बसले नसते!

दालचिनीला हातच लावला नाही. जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कूमरिन नावाचं रसायन असतं, त्याचं प्रमाण वाढलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. स्वयंपाकात चिमूटभर ठीक, पण रोज चमचाभर पूड खाण्याइतका फायदा मला कुठे दिसला नाही.

१६२ वरून १४५, म्हणजे साधारण दहा टक्के. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, एलडीएल तीस ते पन्नास टक्के उतरतं, तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी माझं वाचून ती बंद करू नये. मला अजून ती लागलेली नाही. दुसरं पाकीट संपत आलंय, तिसरं आणणार आहे. लसूण फोडणीत परत गेला.