समाज-मानसशास्त्राची दोन दिवसांची कार्यशाळा, बेळगाव: चिठ्ठ्यांचं सत्र उत्तम, टाळ्यांचा हिशेब चुकलेला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शिक्षकांसाठी टिळकवाडीत भरणारी ही कार्यशाळा जरूर करावी. सगळं मराठीत चालतं आणि भर करून बघण्यावर आहे.

पहिल्या सकाळी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅशचा रेषांचा प्रयोग, माणूस गटाच्या दाबाखाली कितपत येतो ते बघणारा. एका कार्डावर १० इंचांची रेघ, दुसऱ्यावर पावणेनऊ, १० आणि ८ इंचांच्या तीन. जुळणारी रेघ कोणती ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. बाकी सगळे मुद्दाम चुकीचं सांगायला पढवलेले, शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्या एकट्यालाच काही ठाऊक नसतं. पढवलेल्यांनी पहिल्या दोन फेऱ्या बरोबरच उत्तर द्यायला हवं. इथे पहिल्या फेरीलाच सगळे चुकीचं बोलले, त्या माणसाला लगेच संशय आला आणि पुढचं सगळं वाया गेलं.

कार्यशाळेत वाटलेल्या टिपणातली चूक त्याहून मोठी: '७५ टक्के माणसं गटामागे जातात.' अॅशच्या प्रयोगात निदान एकदा तरी गटासोबत गेलेले तेवढे होते. एकूण उत्तरांपैकी चुकलेली सुमारे एक तृतीयांश, आणि पाव लोक एकदाही बधले नाहीत. बरोबर बोलणारा एक जोडीदार मिळाला की गटाचा दाब एकदम उतरतो, हे तर टिपणात हवंच होतं. वर्गात चारचौघांपुढे हात वर करणाऱ्या पोराला त्याचाच आधार असतो.

दुपारचं मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलच्या प्रयोगाचं सत्र मात्र मन लावून बसवलंय. १९७० च्या सुमाराला त्यानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे गट पाडले. मुलांना वाटलं, चित्रांच्या आवडीवरून पाडलेत. खरं तर कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडलं होतं. मग तक्त्यातली आकड्यांची एक जोडी निवडून पैसे वाटायचे, स्वतःला नाही, दुसऱ्या कुणाला तरी. तक्त्याच्या एका टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि परक्याला १, मध्ये १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्यातल्याला १९ आणि परक्याला २५. आपल्या माणसाचा फायदा उघडच १९ मध्ये. तरी मुलं परक्या गटाच्या पुढे राहण्यासाठी फायद्यावर पाणी सोडायची. इथे गट पाडले ते नुसत्या चिठ्ठ्या उचलून. नाव, गाव, घरची भाषा काही विचारलं नाही. सीमाभागात हे फार शहाणपणाचं. मराठी-कानडी असे गट केले असते तर जुनं दुखणं मोजलं गेलं असतं. नुसत्या 'आपला-परका' या शिक्क्यानं काय होतं ते दिसलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी गटात अंग चोरण्याचा प्रयोग, मोबाइलवर टाळ्यांचे डेसिबल, म्हणजे आवाजाची पातळी, मोजून. एकाच्या ७०, सहाजणांच्या ७६, म्हणजे सहापट झालं नाही, म्हणून सगळ्यांनी अंग चोरलं, असा निष्कर्ष काढला. डेसिबल असे वाढत नाहीत. सहाजणांनी पूर्ण जोर लावला तरी आकडा साधारण ८ नंच चढतो, म्हणजे ७८. ७६ म्हणजे चौघांइतका आवाज. अंग चोरलं हे खरं, पण साधारण एक तृतीयांशच. शिवाय बंद खोलीत आवाज घुमतो आणि काही फोन मोठा आवाज आपोआप दाबतात. त्यापेक्षा दोरी ओढून ताणकाट्यावर मोजावं.

वेळ एकाच दिवसाची असेल तर पहिला दिवस धरा. टिपणं घ्या, पण अॅशचा आकडा दुरुस्त करूनच वर्गात न्या.