पडद्यावर आय७, डब्यात आय५

"ड्रायव्हर तेवढा अपडेट करू नका सर, मी सेट करून दिलाय." माझ्या संगणकात नवे पार्ट टाकून परत देताना तो माणूस हे तीनदा म्हणाला आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला एखादा पार्ट चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. ज्याला या वाक्याचा अर्थ कळतो, त्याने पैसे देण्याआधी डबा उघडायला लावला असता. मला तो दहा दिवसांनी कळला.

संगणक माझा जुना. इंटेलचा आय५-२४००, म्हणजे २०११ सालचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. आठ जीबी डीडीआर३ रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, गेमची चित्रं काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला त्याने कधी दगा दिला नव्हता. पण भाच्याला त्यावर डूम इटर्नल हा गेम खेळायचा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. भाच्याचं मत ठाम होतं. "मामा, हा डबा बदल आता. यात काही घालण्यात अर्थ नाही." मला ते पटेना. चालती वस्तू टाकून द्यायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. कुणीतरी जाणकाराने 'अहो, हीच मशीन चांगली आहे' एवढं म्हणावं, याची मी वाटच बघत होतो.

तो जाणकार मला जुन्या सामानाच्या एका जाहिरातीतून भेटला. फोनवर त्याने आधी माझ्या मशीनची सगळी माहिती नीट विचारून घेतली. मग म्हणाला, "फेकू नका सर. तोच बोर्ड, तोच कॅबिनेट ठेवू. आय५ काढून आय७-३७७० टाकू, १०५० टीआय चार जीबीचं कार्ड टाकू, एसएसडी टाकू. गेम मस्त चालतील." एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क. नव्या संगणकाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात काम होणार होतं.

मी काही डोळे मिटून 'हो' म्हटलं नाही. दोन रात्री वाचत बसलो. आय७-३७७० हा २०१२चा प्रोसेसर माझ्या आय५च्याच ११५५ सॉकेटमध्ये बसतो, आणि माझ्या बोर्डाला (मदरबोर्डला) चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो होता. त्यात चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), म्हणजे माझ्या चार कोअर-चार थ्रेडच्या आय५पेक्षा बरंच बरं. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६चं कार्ड ७५ वॉटचं. बोर्डाच्या खाचेतून तेवढी वीज मिळते, त्यामुळे बहुतेक १०५० टीआय कार्डांना एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीची, वेगळी वायर लागत नाही. जुन्या ऑफिसातल्या मशीन गेमिंगला लावायला लोक हेच कार्ड वापरत आले आहेत. डूम इटर्नलच्या किमान गरजांच्या यादीत तर १०५० टीआय चार जीबी हे नावच लिहिलेलं. म्हणजे त्याने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. सल्ला इतका चोख निघाल्यावर माल तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवस मशीन त्याच्याकडे होती. परत आणली तेव्हा त्याने माझ्यासमोर चालू केली आणि मी थक्क झालो. जी विंडोज उघडायला दीड-दोन मिनिटं घ्यायची, ती काही सेकंदांत उघडली. सिस्टिमच्या पानावर 'आय७-३७७०', डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय'. मग त्याने जीटीए ५ लावून दाखवला, गाडी थोडी फिरवली. माझा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए या जुन्या प्रकारची वायर लागते. नव्या कार्डाला तो जोडता येईल का, ही मला धास्ती होती. पण कार्डाच्या पाठीवर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं आणि जीव भांड्यात पडला. मी रोख पैसे दिले. पावती मागितली नाही. बदल्यात जुनी हार्ड डिस्क 'थोडी रक्कम वजा करून' तो घेऊन गेला.

त्या सगळ्या सामानात एसएसडी तेवढी अस्सल होती, आणि तिनेच माझा घात केला. ज्याच्या मशीनमध्ये आजवर फिरणारी डिस्क होती, त्याला कुठलीही साधी एसएसडी घालून द्या. मशीन चालू होताच त्याला वाटतं की सगळंच बदललं. एसएसडीने विंडोज आणि गेम पटकन उघडतात. गेम सुरू झाल्यावर दर सेकंदाला किती फ्रेम दिसणार, हे जवळजवळ सगळं कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. मला वेग जाणवला एका वस्तूचा, आणि त्याचं श्रेय मी तिन्ही वस्तूंना देऊन टाकलं. अशा माणसांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते एक वस्तू खरी देतात.

जीटीए ५चीही गंमत नंतर कळली. २०१५ साली पीसीवर आलेल्या त्या गेमच्या किमान गरजांच्या यादीत एनव्हिडियाचं, म्हणजे १०५० टीआय बनवणाऱ्याच कंपनीचं, ९८०० जीटी हे २००८चं कार्ड आहे. जुन्यात जुन्या कार्डावर जो गेम कसाबसा का होईना चालतो, तो दाखवून १०५० टीआय सिद्ध होत नाही. गेमची निवड मी त्याच्यावर सोपवली होती.

दहाव्या दिवशी भाचा आला. डूम इटर्नल उतरवून घेतला, चालू केला, आणि उघडताच बंद पडला. पडद्यावर व्हल्कनबद्दलचा संदेश. व्हल्कन म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची एक भाषा म्हणा. डूम इटर्नल फक्त तीच बोलतो. भाचा म्हणाला, "ड्रायव्हर जुना असेल." मी सांगितलं, अपडेट करू नको म्हणालाय तो. भाच्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मला माझं वय आठवलं. "असं कोण सांगतं, मामा?"

कंपनीच्या साइटवरचा १०५० टीआयचा ड्रायव्हर टाकला. मशीन परत चालू झाली आणि पडदा काळा. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणण्यात संध्याकाळ गेली. मग भाच्याने जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर लावलं. त्यात कार्डाच्या नावाआधी कंसात इंग्रजीत लिहून आलं: 'फेक'. २०१८पासून हे सॉफ्टवेअर अशी सोंगं ओळखतं. खाली चिपचं खरं नाव होतं, जीएफ१०६. म्हणजे जीटीएस ४५०, २०१०चं कार्ड. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) असतात, यात १९२. चार जीबीचा दावा होता आणि प्रत्यक्षात मेमरी एक जीबी.

हे जमतं कसं? प्रत्येक कार्डावर एक लहानशी चिप असते. कार्डाचं नाव-गाव सांगणारा बायोस तिच्यात असतो. तो पुसून दुसरा लिहिला की कार्ड स्वतःची ओळख खोटी सांगू लागतं. विंडोज बिचारी कार्ड म्हणेल ते लिहून घेते. खोट्या नावावर चालेल असा फेरफार केलेला ड्रायव्हर सोबत लागतो, म्हणून तर 'अपडेट करू नका'. खरा ड्रायव्हर आला की तो १०५० टीआय समजून चिपशी बोलायला जातो, आणि समोर भलताच कुणीतरी असतो. फर्मी नावाच्या त्या पिढीतल्या कार्डांना एनव्हिडियाने व्हल्कन कधी दिलंच नाही, आणि गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं २०१८च्या एप्रिलमध्ये थांबवलं.

आणि ते निळं पोर्ट! जीटीएक्स १० मालिकेच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल एनव्हिडियाने काढूनच टाकला आहे. १०५० टीआयवर व्हीजीए पोर्ट दिसलं की तिथेच थांबायचं. डीव्हीआय हे मॉनिटर जोडायचं दुसरं पोर्टही बघा: एका बाजूच्या आडव्या पट्टीभोवती चार बारीक भोकं असतील तर ते जुनं, अॅनालॉगवालं डीव्हीआय, या मालिकेवर ती नसतात. माझ्या कार्डावर दोन्ही खुणा होत्या. शिवाय एसएमपीएसच्या दोन मोलेक्स (चार पिनांच्या) वायरी जोडून कार्डाला सहा पिनांचा प्लग दिला होता. काही अस्सल १०५० टीआयनाही सहा पिना असतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण मी वाचलेलं 'वेगळी वायर लागत नाही', आणि समोर वायर दिसतेय, तरी विचारलं नाही. विचारायचं कसं, खुशीत होतो ना.

"आता प्रोसेसर बघू," भाचा म्हणाला. मी म्हटलं, "तो बरोबर आहे रे, पडद्यावर लिहिलंय." त्याने टास्क मॅनेजर उघडून आलेख लॉजिकल प्रोसेसरवर केला. आय७ला दर थ्रेडला एक असे आठ चौकोन हवेत, दिसले चार. सीपीयू-झेड लावलं, जे थेट चिपला विचारतं. उत्तर आलं: आय५-२४००. माझाच. तो काढलाच नव्हता! सिस्टिमच्या पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे तिच्या नोंदवहीतल्या, एका ओळीतून येतं आणि ती ओळ हाताने बदलता येते. मशीन बंद करून चालू केली की विंडोज ती पुन्हा खरी लिहिते, म्हणून त्याने दर वेळी गुपचूप चालणारी एक छोटी फाइल ठेवली होती. तिचं काम एकच, नाव पुन्हा 'आय७-३७७०' करायचं. मशीन चालू होताना बोर्डाच्या स्वतःच्या बायोसच्या पानावर गेलो असतो तर तिथे आय५च दिसला असता. स्वतःचा प्रोसेसर मी स्वतःच विकत घेतला, हे पचायला मला कार्डापेक्षा जास्त वेळ लागला.

फोन केला. आधी म्हणाला, "तुमच्या बोर्डाला प्रॉब्लेम असेल." मग, "बघतो, मशीन घेऊन या." मग नंबर बंद. रोख व्यवहार, पावती नाही, त्याचं खरं नावही माहीत नाही. तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा यातल्या प्रत्येक गोष्टीची आठवण मला करून दिली गेली.

मात्र त्या रात्री झोप उडाली ती हार्ड डिस्कमुळे. त्याने माझ्यासमोर ती फॉरमॅट केली होती, आणि मी निश्चिंत होतो. झटपट फॉरमॅटने डिस्कवरची फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तसेच पडून असतात, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड बदलले. पैसे गेले ते मोजता आले. डिस्क कुणाच्या हातात आहे, त्याचा हिशोब लागत नाही. जुनी डिस्क बदल्यात देऊच नका. द्यायचीच तर आधी पूर्ण डिस्कवर लिहून पुसणारं सॉफ्टवेअर चालवा, मग द्या.

खोटं बोलायला बायोस बदलावाच लागतो असंही नाही. जीटी १०३० नावाचं कार्ड दोन प्रकारात आलं. २०१७चं जीडीडीआर५ मेमरीचं, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८चं डीडीआर४चं, १६.८ जीबी. नाव दोन्हींचं एकच. विकणारा 'जीटी १०३०' म्हणतो आणि त्यात खोटं काहीच नसतं. एसएमपीएसचंही तेच. माझ्या जुन्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलंय. बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते त्या १२ व्होल्टवर. हे लेबल माझ्या घरात कित्येक वर्षं होतं, मी पहिल्यांदा वाचलं ते या प्रकरणानंतर.

भाचा सुरुवातीला बरोबर होता का? बऱ्याच अंशी. माल अस्सल असता तर डूम इटर्नल खालच्या सेटिंगवर चालला असता आणि मी दोन-तीन वर्षं खूश राहिलो असतो. पण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात. आय७-३७७० तिसऱ्या पिढीचा. त्याच महिन्यात १०५० टीआयच्या पिढीलाही नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं. इतक्या जुन्या बोर्डावर खर्च करायचा तर एसएसडी आणि कार्ड यांवरच करावा, कारण या दोन वस्तू पुढच्या मशीनमध्ये नेता येतात. त्या बोर्डासाठी घेतलेला प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम बोर्डाबरोबरच जातात.

ज्यांची मशीन इतकी जुनी नाही, त्यांनी कुणाला विचारण्याआधी घरी एक करून बघावं. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, कार्ड बदलून भागेल. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, आणि मग बहुधा बोर्ड-रॅमसकट बदलायची वेळ आली आहे. हे उत्तर हातात असतं तर फोनवर समोरचा काय विकायला निघालाय हे मला पहिल्याच मिनिटाला तपासता आलं असतं. आणि मशीन ताब्यात घेताना गेम आपला, सॉफ्टवेअर आपलं, पेन ड्राइव्हवर घरून नेलेलं. खरा माल विकणारा त्या दहा मिनिटांसाठी कुरकुर करेल फार तर.

आम्ही पुढे नवी मशीन जुळवली. प्रत्येक पार्टाचं खोकं आमच्यासमोर उघडलं, आणि जुन्यातली एसएसडी तेवढी नवीत आली. ते जीटीएस ४५० मी टाकलेलं नाही. भाचा त्याला 'मामाचं कार्ड' म्हणतो.

मध्यंतरी ती जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, मजकूर शब्दशः तोच, कार्डाचं नाव मात्र आता १०६०. फोटो मोठा करून बघितला. डीव्हीआयच्या शेजारी निळं व्हीजीए पोर्ट. जाहिरातीविरुद्ध तक्रार केली, ती निघाली. चार दिवसांनी तिसऱ्या नावाने परत आली, फोटोत या वेळी पोर्टांची बाजू भिंतीकडे केलेली.