'थांबवा' की 'द्या'? रस्त्यावर उतरण्याआधी ठरवायची गोष्ट

भूसंपादनाची नोटीस येते, किंवा दोन पिढ्या कसलेली जमीन नावावर होत नाही. मग देवळात बैठक बसते आणि कोणीतरी विचारतंच: मोर्चा काढून सरकार खरंच बदलतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. पण किती वर्षं लागतील आणि कशाची तयारी ठेवायची, हे तुमची मागणी कोणत्या जातीची आहे त्यावर ठरतं. 'हे थांबवा' आणि 'हे द्या' या मागण्या घोषणेत सारख्याच वाटतात, सरकारी टेबलावर मात्र त्यांचं नशीब वेगवेगळं असतं.

दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनात दोन्ही मागण्या एकत्र होत्या. तीन कृषी कायदे मागे घ्या, ही 'थांबवा' मागणी. नोव्हेंबर २०२० ला शेतकरी येऊन बसले, १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी माघारीची घोषणा केली आणि २९ तारखेला संसदेने एका दिवसात, चर्चेविना, ते कायदे रद्द केले. हमीभावाला कायद्याचा आधार द्या, ही 'द्या' मागणी. तिच्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली गेली. माणसं तीच, थंडीही तीच सोसलेली, तरी एका मागणीला कायदा रद्द झाल्याचं राजपत्र मिळालं आणि दुसरीला समिती.

'थांबवा'ला घड्याळ मदत करतं. रायगडच्या पेण तालुक्यात महामुंबई सेझविरुद्ध (सेझ म्हणजे उद्योगांसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र) प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ ला जनमत घेतलं गेलं. सरकारने त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. तरीही जमीन वाचली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) झाला नाही तर संपादन आपोआप संपायचं. गावांनी दिवस लोटले आणि मुदत संपली. त्याच सुमारास गोव्यात २००७ च्या सुरुवातीला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला आणि वर्षअखेरीस सेझही.

पण थांबलेली गोष्ट परत येते, हे मनात पक्कं ठेवा. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या नव्या जागेसाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला होता. मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. नोव्हेंबरात नव्या सरकारने कारशेडला स्थगिती दिली, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत आलं. मुख्यमंत्र्यांच्या शब्दावर मिळालेली स्थगिती पुढचा मुख्यमंत्री उठवू शकतो. पेणला मदतीला आला तो कायद्यातला मुदतीचा नियम. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आता 'द्या'. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून लोक मुंबईत आले. दहावीची परीक्षा होती, पोरांची खोटी होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदान गाठलं. सालपटं निघालेले ते तळवे आठवले की आजही गलबलून येतं. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं: वनहक्काचे, म्हणजे कसलेली वनजमीन नावावर करण्याचे, दावे सहा महिन्यांत निकाली काढू.

पण एक दावा म्हणजे काय, ते बघा. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेले कागद निघतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवायचं असतं. त्यात वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावतीही असते. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच आता मुलाचा पुरावा! मग ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती. कुठेही त्रुटी निघाली की फाईल खाली येते. थांबवायला एक अधिसूचना पुरते, द्यायचं तर असे ढीगभर दावे एकेक करून पुढे सरकावे लागतात. म्हणून वनहक्काची तीच मागणी घेऊन लोक फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा चालायला निघाले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला त्याहून वेळ लागला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात दलित वस्त्या जळल्या, माणसं गेली. ही किंमत विसरून 'यश आलं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र 'द्या'चं यश कायद्यात उतरलं की ते टिकतं आणि सगळ्यांच्या कामी येतं. अण्णा हजारेंच्या आंदोलनांनी रेटलेला माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने आला, देशात २००५ च्या. आज बांधावरचा माणूसही अर्ज टाकून फाईल कुठे अडली ते विचारू शकतो.

मग तुम्ही काय करावं? 'थांबवा' असेल तर नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचा. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी संपादन करताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. एमआयडीसी कायद्याचं कलम ३२(२) असेल तर ती अट तुमच्या पाठीशी आहे असं धरून चालू नका, हरकती मुदतीत नोंदवा आणि पोच घ्या. मोर्चा त्यानंतर, आणि निवडणूक जवळ असेल तर जास्त जोरात. 'द्या' असेल तर मोर्चा काढण्याआधी प्रत्येक घराची फाईल पूर्ण करा आणि पुढची पाच वर्षं तालुक्याला खेटे घालणारी चार माणसं आजच नेमा. ती मिळत नसतील तर मोर्चा पुढे ढकला, असं मी स्पष्ट सांगेन.

आणि परतायची घाई नको. २०२३ च्या लाँग मार्चमध्ये लोक मुंबईच्या वाटेवर वाशिंदला थांबले होते. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं, तरी कोणी बिऱ्हाड आवरलं नाही. बैठकीचं इतिवृत्त हातात आलं, अंमलबजावणीचे आदेश निघाले, तेव्हाच ते मैदानावरून उठले.