पाण्यातल्या रिॲक्शन मस्त, पण नायट्रेट तापवायला गेलात की घोळ (३ स्टार)

मी अकरावी-बारावीच्या मुलांना घरीच केमिस्ट्री शिकवते, त्यातली निम्मी मुलं हे ॲप वापरतात म्हणून मीपण महिन्याचं पॅक घेऊन बघितलं. दोन पदार्थ टाकायचे, ते प्रॉडक्ट सांगतं आणि समीकरण बॅलन्स करून देतं.

सोल्युशनमधल्या रिॲक्शन एकदम चोख. सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ, पांढरा साका. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड, पिवळाधमक. मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट टाकलं तर "रिॲक्शन नाही" म्हणालं, हे फार आवडलं, कारण इथे मुलं हमखास काहीतरी प्रॉडक्ट लिहून मोकळी होतात.

पण हीट करा म्हटलं की सगळ्यांना एकच साचा. लेड नायट्रेटला तो बरोबर बसतो, टेस्ट ट्यूबमध्ये आधी तडतड, मग तपकिरी धूर आणि खाली पिवळी पूड राहते ती लेड ऑक्साइड. सोडियम नायट्रेटलापण ॲपने तेच दिलं, ऑक्साइड आणि तपकिरी वायू!! अहो तिथे सोडियम नायट्राइट आणि ऑक्सिजन येतो, विझत आलेली काडी धरली तर भडकते, तपकिरी काही दिसतच नाही. ऑक्साइड देतो तो लिथियम. सिल्व्हर नायट्रेटला सिल्व्हर ऑक्साइड दाखवलंय, ते त्या तापमानाला टिकतच नाही, चांदीच उरते. माझ्या एका विद्यार्थिनीने टेस्टमध्ये सोडियमचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं, मार्क कापले तर रडवेली होऊन म्हणते मॅडम ॲपमध्ये असंच आहे, मला खरंच वाईट वाटलं.

कॉपर आणि नायट्रिक ॲसिड टाकलं तर ॲसिड डायल्यूट की कॉन्सन्ट्रेटेड हे विचारतच नाही, सरळ नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे तोच तपकिरी वायू. डायल्यूटला मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड येतो, तो रंगहीन, ट्यूबच्या तोंडाशी हवा लागली की तपकिरी होतो आणि मुलं नेमकी तिथेच फसतात.

सगळ्यात राग आला तो अमोनियम नायट्रेटला. उत्तर नायट्रस ऑक्साइड आणि पाणी, ते बरोबर दिलंय, पण घरी तापवू नका अशी एक ओळ नाही. २०२० मध्ये बैरुतच्या बंदरात ह्याचाच साठा फुटला होता, आणि हे ॲप पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात आहे. ही सूचना आजच्या आज टाका, बाकीचं नंतर दुरुस्त केलंत तरी चालेल.