फरशीखाली काय झाकलं जातं : जुन्या न्हाणीघराच्या जमिनीतली फसवणूक

काम संपलं तेव्हा फरशी दिसायला सुरेख होती. काही महिन्यांतच कमोडजवळच्या सांध्यातलं ग्राउट, म्हणजे फरशांमधल्या फटीत भरलेलं मिश्रण, केसाएवढ्या रेषेने फाटलं. मग भरलेली बादली ठेवली की एक फरशी कुरकुरू लागली आणि शेवटी खालच्या खोलीच्या छताला पिवळट डाग आला. ठेकेदाराने सांध्यात नवीन ग्राउट भरून दिलं आणि ‘जुनं घर आहे, थोडंफार होणारच’ म्हणत हात झटकले. बिलात मात्र जुनी जमीन घासणं, पकड देणारा प्रायमर, खोलगट जागा सपाट करणारं लेव्हलिंग कंपाउंड आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात, असं सगळं लिहिलेलं होतं आणि त्याचे पैसेही चुकते झालेले होते.

फरशा उखडल्यावर खरं काम दिसलं. प्रत्येक फरशीच्या पाठीवर चिकटवणाऱ्या मिश्रणाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. उरलेली पाठ कोरी, कारखान्याचा शिक्काही स्पष्ट वाचता येत होता. गोळे फरशीला घट्ट चिकटलेले होते, पण जमिनीपासून मात्र अलगद सुटले. त्यांच्या खालच्या बाजूला जुन्या रंगाचे पापुद्रे आणि धूळ लागलेली होती. याचा अर्थ जमीन घासली नव्हती आणि प्रायमरही लागला नव्हता. भिंतीकडेला जमीन १८ मि.मी. खाली होती. तो खड्डा त्याच मिश्रणाने एका दमात भरला होता, त्यामुळे ते सुकताना आकसलं आणि चिरलं. वॉटरप्रूफिंगचा थर होता तो फक्त भिंतीलगत वीतभर. फोटोत नेमकं तेवढंच येतं.

ही चूक नव्हे, चोरी आहे. वरच्या थराने झाकलं जाणारं काम कोणी तपासणार नाही, या भरवशावर ती होते. त्यामुळे प्रत्येक थर झाकला जाण्याआधीच बघायला हवा.

सुरुवात मापाने करा. दोन-तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी आणि तिरकी फिरवा. पट्टीखाली फट दिसेल तिथे तिची खोली खडूने जमिनीवरच लिहा. एखादी बाजू ३८ सें.मी. किंवा त्याहून मोठी असलेल्या फरशीसाठी ३ मीटर लांबीत ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक चालत नाही. त्याहून लहान फरशीला ६ मि.मी.पर्यंत चालतो. हा खडूचा नकाशा फोटोसकट जपून ठेवा, कारण माल किती लागेल याचा हिशोब त्यावरूनच निघतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर. लेव्हलिंग कंपाउंडची पावडर लिटरमागे साधारण १.७ किलो लागते. तीन चौरस मीटर जागेत सरासरी १० मि.मी. भरायचं असेल तर ३० लिटर, म्हणजे ५० किलोच्या आसपास पावडर हवी. २० किलोच्या तीन पिशव्यांशिवाय हे काम होऊच शकत नाही. इथे रिकामी पिशवी एकच निघाली. म्हणून रिकाम्या पिशव्या आणि डबे काम संपेपर्यंत बाहेर नेऊ देऊ नका. दुसरा कुठलाही पुरावा इतका सोपा नाही.

‘एकदम लेव्हल करून देतो’ या बोलण्यालाही भुलू नका. न्हाणीघराची जमीन सपाट हवी, पण अंघोळीच्या जागेत तिला पाणी जाणाऱ्या जाळीकडे ढाळ हवा, मीटरला २० मि.मी.च्या आसपास. लेव्हलिंग कंपाउंड पाण्यासारखं पसरतं, त्याला ढाळ देता येत नाही. ते कोरड्या भागापुरतंच. ढाळाच्या जागी एकास तीन किंवा एकास चार प्रमाणाचा, मुठीत दाबला तर गोळा होईल पण हाताला पाणी सुटणार नाही इतकाच ओला सिमेंट-वाळूचा माल लागतो. आधी जुनी जमीन टाचे मारून खरबरीत करायची, धुवायची, सिमेंटच्या घोळाचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच माल टाकायचा. जमिनीला घट्ट धरलेला असा थर निदान २५ मि.मी. हवा. कडेला शून्यावर आणलेला पातळ थर हमखास फुटतो. जाडीला तेवढी जागाच नसेल तर पातळ थरासाठी बनवलेलं दुरुस्तीचं मिश्रण वापरावं लागतं, नुसत्या सिमेंट-वाळूने भागत नाही. साध्या मालाला सात दिवस पाणी मारायचं असतं. ‘उद्या फरशी लावू’ म्हणणारा तुमचा वेळ वाचवत नसतो, स्वतःचे हजेरीचे दिवस वाचवत असतो.

जमीन घासली की नाही हे कळायला पाण्याचे चार थेंब पुरतात. मिनिटाभरात मुरले तर ठीक. मोत्यासारखे वर राहिले तर खाली अजून रंग, तेल किंवा साबणाचा थर आहे, आणि त्यावर काहीही धरणार नाही. मात्र फार जुन्या घरात विनाइलच्या फरशा किंवा त्यांच्याखाली काळा चिकट थर निघाला, तर त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. आधी तपासून घ्या.

कंपाउंड कालवताना पाणी मापानेच पडलं पाहिजे. पिशवीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त पाणी घातलं की ते भराभर पसरतं, काम पटकन उरकतं, पण वर भुसभुशीत साय जमते. सुकल्यावर खिळ्याने ओरखडा काढा. पांढरी भुकटी निघाली तर तो थर घासून काढायला लावा. काही जण खड्डे प्लास्टर ऑफ पॅरिसने किंवा भिंतीच्या पुट्टीने भरतात. प्लास्टर ओलीत मऊ पडतं आणि सिमेंटशी संबंध आला की फुगून फरशी उचलतं. पुट्टीत फरशीचा भार पेलण्याची ताकदच नसते.

लाकडी जमिनीत फसवणूक आणखी खोल असते. वासे लवत असतील तर वर सिमेंट बोर्ड ठोकून मजबुती येत नाही. बोर्ड फक्त फरशीला धरायला जागा देतो. कमोडभोवतीच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे आणि ते बदलल्याशिवाय पुढचं सगळं वाया. बोर्डाखाली चिकटवणाऱ्या मिश्रणाचा थर पसरलेला असावा, नुसते स्क्रू चालत नाहीत.

सगळ्यात जास्त गळती होते ती जाळीपाशी. जमीन ३० मि.मी. उंचावली आणि नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, पाणी नळीत नेणारं भांडं) जुन्याच उंचीवर राहिला, तर मधली पोकळी सिमेंटने लिंपून वर जाळी बसवली जाते. तिथून मुरलेलं पाणी ट्रॅपमध्ये न जाता ट्रॅपच्या बाहेरून स्लॅबमध्ये उतरतं. ट्रॅपला उंची वाढवणारा तुकडा जोडलाच पाहिजे आणि वॉटरप्रूफिंग त्याच्या गळ्यात आतपर्यंत उतरलं पाहिजे. कोपऱ्यांत वॉटरप्रूफिंगमध्ये बसवायच्या कापडी जाळीची पट्टी, दुसरा हात पहिल्याला आडवा, भिंतीवर निदान १५० मि.मी. आणि शॉवरच्या भिंतीला १८०० मि.मी.पर्यंत. दोन हातांसाठी दोन वेगळे रंग मागा. दुसरा हात झाला की नाही हे मग डोळ्यांनाच दिसतं.

थर पूर्ण सुकल्यावर, फरशी लावण्याआधी, ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवा. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि शेजारी पाण्याने भरलेलं उथळ घमेलं ठेवून त्यातही रेघ मारा. घमेल्यातलं पाणी जितकं उडालं त्याहून जास्त जमिनीवरचं उतरलं, तर गळती आहे. रात्री कोणी पाणी वाढवू नये म्हणून दाराला कुलूप लावा. ‘फरशी बसल्यावर चाचणी करू’ हे मान्य करू नका.

फरशी लागत असताना दोन-तीन ताज्या फरशा उचलून पाठ बघा. ओल्या जागेत ९५ टक्के पाठ भरलेली हवी. खाचेदार थापीच्या रेघा एकाच दिशेने ओढलेल्या असाव्यात, म्हणजे हवा बाहेर पडते. पैशांचे हप्ते दिवसांवर नको, थरांवर बांधा : घासणं, भरणी, पाण्याची चाचणी, फरशी.

ज्यांची फसवणूक होऊन गेली आहे त्यांनी ग्राउट पुन्हा भरून घेण्याची घाई करू नये. लाकडी मुठीने प्रत्येक फरशी ठोकून बघा, बद्द आवाज येईल तिथे खडूने फुली मारा आणि पूर्ण जमिनीचा फोटो घ्या. मग ठेकेदाराला लेखी कळवून, तिसऱ्या माणसासमोर एकच फरशी उखडा. तिच्या पाठीचा आणि खालच्या जमिनीचा पट्टी ठेवून फोटो काढा आणि धूळ लागलेला गोळा पिशवीत बांधून बिलासोबत ठेवा.